मदत हवी आहे: मावशीला इंदूरच्या सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) बसून खाता येईल अशी जागा?

मंडळी, पुढच्या आठवड्यात सांगलीहून मावशी आणि काका इंदूरला येताहेत. दिवसाचं फिरणं ठरलंय: सकाळी खजराना गणपती, मग काच मंदिर, उन्हं उतरल्यावर राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं). अडलंय ते रात्रीच्या खाण्यापाशी.

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालू शकते, पण फार वेळ उभी राहू शकत नाही. शिवाय चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूण बंद. तिला भुट्ट्याचा कीस सराफ्यातच खायचाय, आणि कणसांचे दिवस असल्यामुळे तो आत्ताच खावा असं मलाही वाटतं.

छप्पन दुकान या खाऊगल्लीचा विचार केला. तिथे गाड्या आत येत नाहीत, बसायला बाकं आहेत, खोपरा पॅटिसही उत्तम. तो बेत दुसऱ्या संध्याकाळी आहेच, त्यामुळे कृपया तो पर्याय सुचवू नका. सराफ्याची रात्र, सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे पेटणाऱ्या शेगड्या, हे तिनं पाहायलाच हवं. मी स्वतः पाहून आलो. आठच्या सुमाराला गाडे लागलेले नव्हते आणि शनिवारी उशिरा गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी राजवाड्याजवळ लावून तेवढं अंतर ती हळूहळू चालेल.

तर सोमवार ते गुरुवारात गाडे लागलेत पण गर्दी चढलेली नाही अशी वेळ कोणती? खुर्ची किंवा स्टूल कुठल्या गाड्यावर मिळतं? आणि कांदा-लसूण न घातलेला कीस नक्की कोणाकडे मिळेल?