पंचेश्वरला महाशीरसाठी पहिली गाइडेड ट्रिप, बाबा सोबत आहेत, तयारी काय करू?

मुठेकाठचा:
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि बाबा उत्तराखंडात पंचेश्वरला चाललोय, काली आणि सरयूचा संगम आहे तिथे, चार दिवस गाइडबरोबर गोल्डन महाशीर माशासाठी. बाबा 66 वर्षांचे आहेत. त्यांचं लहानपण भीमेकाठी गेलंय, बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, एवढ्यावर त्यांनी मरळ, शिंगाळा, वाम सगळं धरलेलं आहे पण रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चरखी, आयुष्यात हातात घेतलेली नाही. मी तीन-चार वर्षं तळ्यावर जातो, वाहत्या नदीत कधीच नाही. गाइड म्हणतो सामान आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त या. पण आपण काहीच न करता जायचं हे मनाला पटत नाहीये, बाबांची ही कितीतरी वर्षांची इच्छा आहे आणि चारातले दोन दिवस शिकण्यात जायला नकोत. काय विकत घेऊ, काय सराव करू, गाइडला आधी काय विचारू? आणि एक गोष्ट, मासा सोडून द्यायचा हे बाबांना कळतंय पण पटत नाहीये. परवा जेवताना म्हणाले, "सोडायचाच तर धरायचा कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

डोहकर:
सामानात पैसे घालू नका, पहिल्या ट्रिपला गाइडचाच रॉड वापरा. माहिती म्हणून सांगतो, तिथे साधारण 8 ते 9 फुटी स्पिनिंग रॉड, 4000-5000 साइझची रील आणि 30-40 पौंडाची ब्रेड लाइन (विणलेली दोरी) लागते. विकत घ्यायचेच तर दोघांना चांगले ग्रिपवाले बूट आणि पोलराइज्ड गॉगल घ्या. गॉगल दिखाव्यासाठी नाही, पाण्यावरची चकाकी जाते आणि पाण्याखालचे गोटे दिसतात, मासा दिसो न दिसो पाय कुठे ठेवायचा ते तरी कळतं.

खरी तयारी म्हणजे कास्टिंग. रोज अर्धा तास कुणाचा तरी रॉड आणून मोकळ्या मैदानावर जा, गळ काढून टाका, लाइनला फक्त 20 ग्रॅमचं वजन बांधा आणि 25 पावलांवर बादली ठेवा. बादलीत पडायलाच पाहिजे असं नाही, बादलीच्या हातभर आसपास दहातले सहा पडायला लागले की झालं. लांब फेकायच्या नादाला लागू नका, महाशीर मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, धार आणि संथ पाणी जिथे भिडतं त्या रेषेवर असतो आणि गाइड बोट दाखवतो ती जागा कधीकधी परातीएवढी असते. बाबांना काठीची सवय आहे ना, मग त्यांना एकच सांगा की झटका मारायचा नाही, रॉडला वाकू द्यायचं आणि बोटाखालची लाइन वेळेवर सोडायची. बोट उशिरा सुटलं की वजन पायापाशी आदळतं, लवकर सुटलं की डोक्यावर जातं. दोन-तीन दिवसांत हात बसतो.

दुसरा सराव ड्रॅगचा, म्हणजे ओढ बसली की लाइन किती सहज सुटेल ते ठरवणाऱ्या रीलवरच्या ब्रेकचा. रॉड बाबांच्या हातात द्या, लाइनचं टोक तुम्ही धरा आणि पळत सुटा, खरंच पळा. रील किर्र करून लाइन सोडायला लागली की नवा माणूस घाबरून हँडल फिरवतो किंवा ड्रॅग आवळतो आणि तिथेच लाइन तुटते. महाशीर लागला की पहिली धाव ओघाबरोबर खाली मारतो, त्या वेळी काही करायचं नसतं, रॉड वर धरून फक्त उभं राहायचं. हे "काही न करणं" घरी शिकून जा.

कोकणी_गरी:
डोहकरांशी सहमत, मी फक्त पाण्याबद्दल लिहितो कारण माझ्यावर बेतलंय. आम्ही लहानपणापासून खाडीत गरवणारी माणसं, भरती-ओहोटी अंगात भिनलेली, त्यामुळे मला वाटायचं पाणी मला कळतं. एका पहाडी नदीवर (कुठली, कुणाबरोबर ते राहू दे) पाण्यातून चालत एका खडकावर जाऊन उभा राहिलो, गाइड दुसऱ्या माणसापाशी वर गेलेला. तासाभराने मागे बघतो तर ज्या गोट्यावरून आलो तो गोटाच दिसेना. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, वर धरणातून पाणी सोडलेलं. त्यात पायात गमबूट, ते भरले आणि पाय उचलेनात. दोघांनी दोर टाकून काढलं. आधी कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं की इथे रोज पाणी वाढतं.

म्हणून गाइडला पहिला प्रश्न हाच विचारा की वर कुठलं धरण आहे आणि पाणी साधारण कधी वाढतं. कालीच्या वरच्या अंगाला धौलीगंगेचा वीज प्रकल्प आहे, त्यामुळे तिथल्या गाइडला हे तोंडपाठ असायला पाहिजे, नसेल तर तो तुमचा गाइड नाही. 8 जून 2014 ला हिमाचलात बियास नदीत लारजी धरणाच्या पाण्याने हैदराबादची 24 मुलं वाहून गेली, ती तर नुसती फोटो काढायला पात्रात उतरलेली. नदीत उभं राहिलात की काठालगतचा एक दगड खुणेला धरा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. ओला झाला की बाहेर, मासा लागलेला असला तरी. राफ्टवर लाइफ जॅकेट दोघांनाही, आणि बाबांना जमिनीवरही घालून ठेवा, लाजायचं काय त्यात. गमबूट अजिबात नकोत.

बाबांच्या गुडघ्यांसाठी आतापासून जिना उतरायचा सराव ठेवा. चढणं जमतं सगळ्यांना, काठापर्यंत गोट्यांवरून उतरताना वाट लागते. आणि ओळखपत्र कायम खिशात, समोरचा काठ नेपाळचा आहे, या बाजूला एसएसबीचे (सशस्त्र सीमा बलाचे) जवान असतात.

खडस:
बाबांच्या प्रश्नावर लिहितो, कारण तो फार रास्त प्रश्न आहे. गोल्डन महाशीर धोक्यात आलेली जात आहे. सावकाश वाढतो, पावसाळ्यात अंडी घालायला वरच्या लहान नद्यांत चढतो आणि धरणांनी त्या वाटा अडवल्यात. जे मोठे मासे लागतात त्या बहुतेक माद्या असतात, एक मारली की पुढची किती पिल्लं गेली याचा हिशोबच नाही. बाबांना सांगा की हा मासा आपलाही आहे, दख्खनचा महाशीर, म्हणजे आपली खडस, ज्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, त्याचं वर्णन सायक्स या इंग्रज अभ्यासकाने 1839 मध्ये आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलंय. आज मुठेकाठी उभं राहून हे कुणाला खरं वाटेल? आणि न मारता मासा बघायचं सुख आपल्या लोकांना नवीन नाही, महाडजवळ वाळणकोंडला पिढ्यान्‌पिढ्या लोक चुरमुरे टाकून देवीचे मासे बघतात, कुणी गळ टाकत नाही.

पण सोडायचं तर नीट सोडा, नाहीतर तो पुढच्या वळणावर मरतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, मग गळ एका हिसक्यात सुटतो. ल्युअरला (नकली आमिषाला) तीन काट्यांचा गळ असेल तर गाइडला सिंगल लावायला सांगा. हात ओले करूनच माशाला लावायचे, कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालायचं नाही. फोटोला उचललात की स्वतःचा श्वास रोखून धरा, तुमचा जीव घाबरा झाला की मासा पाण्यात. मग एक हात शेपटीच्या बुडाला, एक पोटाखाली, तोंड ओघाकडे, आणि थांबायचं. पुढे-मागे ढकलायचं नाही. शेपटी हातातून हिसडून तो स्वतःच जातो.

परवाना कुणाच्या नावाचा, नदीच्या कुठल्या पट्ट्याचा, तो कागद निघण्याआधी मागून घ्या. कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरेचे कॅम्प एके काळी जगभरातल्या लोकांना माहीत होते पण अभयारण्यात येत असल्यामुळे तिथलं अँगलिंग बंद झालं. "चालतं हो" यावर विश्वास ठेवू नका.

मुठेकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोकणी_गरी, तुमचं वाचून गाइडला लगेच फोन केला, त्याने न अडखळता पाणी कधी वाढतं, कुठल्या खडकावर जायचं नाही हे सगळं सांगितलं, बरं वाटलं. परवान्याची प्रत पाठवतोय म्हणाला. बादलीचा सराव चालू आहे, पहिल्या दिवशी बाबांचं वजन शेजारच्यांच्या गाडीखाली गेलं, काल दहातले चार बादलीपाशी पडले. माझे तीन.

खडस, तुमचं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुळा-मुठेचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की त्यांच्या आजोबांनी खांद्यावर टाकल्यावर शेपूट गुडघ्यापर्यंत येईल अशी खडस आणल्याचं त्यांनी ऐकलंय, त्यांनी स्वतः भीमेत एकही बघितली नाही. आज सकाळी बघतो तर जुन्या डब्यातले सगळे गळ वर्तमानपत्रावर काढून बसलेत आणि पकडीने एकेकाचा काटा दाबतायत, म्हटलं बाबा हे गळ तिथे लागणार नाहीत. म्हणाले, "हात बसायला नको का."

एकच राहिलं, विमानात रॉड आणि ल्युअर चालतात का?

डोहकर:
सगळं चेक-इनमध्ये. रॉड पीव्हीसी पाइपात घालून दोन्ही टोकांना झाकण लावा. गळ, ल्युअर, पकड यातलं काहीही हातातल्या बॅगेत नको, बाबांच्या शर्टाच्या खिशातसुद्धा बघून घ्या.