मदत हवी आहे: आशा म्हणून दारूच्या घरात कशी बोलू?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा आहे. लसीकरण, बाळंतपण यांत अडत नाही. अडतं ते इथे.

तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी जाऊन भरायची आरोग्य तपासयादी, भरताना मनाबद्दल दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालं का? उदास, निराश वाटलं का? मी विचारते ओसरीवर. सासू तांदूळ निवडत कान देऊन बसलेली, शेजारीण दारात. उत्तर ठरलेलं, "काई नाई वं बाई, बरं हाय." मला फॉर्ममागे १० रुपये मिळतात, पण अशा चारचौघांत कोण कशाला आतलं सांगेल?

आता एक घर. नवरा चाळिशीचा, रोज पितो, सकाळी घोटभर घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही. बायकोनं दारू सोडवायची पावडर मागवली, गुपचूप वरणात कालवणार होती. मी थांबवलं. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूसोबत पोटात गेलं की त्रास देणारं औषध, असलं आणि वरून तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. तो म्हणतो, पोळ्यापासून एकदम बंद. मला त्याचीही धास्ती आहे.

सीएचओ मॅडमकडे, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, चल म्हटलं तर "गाव पाहते" म्हणतो. टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, त्याच्याच फोनवरून लावून देऊ का? बायकोशी एकटीशी बोलायला तुम्ही काय निमित्त काढता?

"व्यसनमुक्ती केंद्रात टाका" एवढाच सल्ला नको. मला त्याच गल्लीत रोज जायचं आहे.

प्रतिसाद:
ताई, पावडर अडवलीत ते उत्तम. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांसोबत जेमतेम चार बैठका घेतल्या आणि दारू सोडणारे वाढले. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. पण सकाळी थरथरणारा, पूर्ण दारूच्या आहारी गेलेला माणूस हा त्यांचा गट नव्हता. अशानं एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून पोळ्याआधी डॉक्टर, बोलणं नंतर. आत्ता १४४१६ लावाच, मराठीत बोलता येतं. तोवर "स्वतःच्या मनानं बंद करू नका" हे त्यालाही आणि बायकोलाही सांगून ठेवा.

निमित्त म्हणाल तर बीपी. मी दोघांचंही मोजते, बायकोचं आत, दार लोटून.