मुरंब्याच्या काचेच्या बरण्या हवाबंद करण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते. आमच्याकडे पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की, गेल्या वर्षी केलेल्या आंब्याच्या मुरंब्याच्या सहा बरण्यांपैकी दोहोंना श्रावणातच बुरशी आली. त्या दोन्ही बाजारच्या जॅमच्या, धुऊन पुन्हा वापरलेल्या बरण्या होत्या. एकीचे झाकण उलटे करून पाहिले, तेव्हा आतल्या रबरी थराला केसाएवढी चीर गेलेली दिसली आणि तिच्या कडेने पाक काळा पडून चिकटला होता. वरची बुरशी काढून बाकीचा मुरंबा खावा, असे शेजारच्या काकू म्हणाल्या. परंतु घरात लहान मुले असल्याने मी तो सगळा टाकून दिला. जीव फार हळहळला.

यंदा बेळगावहून नव्या बरण्या आणायच्या आहेत. फिरकीचे पत्र्याचे झाकण घ्यावे, की तारेची कडी आणि रबरी कडे असलेले काचेचे झाकण? भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत मला पटते. परंतु बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते, तर वेळ किती वाढवावा? काठाखाली किती जागा मोकळी सोडता? बरणी थंड झाल्यावर पत्र्याच्या झाकणाचा मध्य दाबताच टक् असा आवाज आला, तर ती हवाबंद झालेली नसते, एवढे मला ठाऊक आहे. अशी बरणी नव्या झाकणाने पुन्हा उकळावी, की मुरंबा लगेच खाऊन संपवावा? ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.