शब्दचर्चा : 'मनुष्याचे हक्क' म्हटले की त्यात स्त्री येते का?

तळटीप : स्त्रीहक्कांच्या सुरुवातीच्या युरोपीय विचारांवर, म्हणजे साधारण १६७३ ते १८६९ या काळावर, मराठीत टिपणे तयार करते आहे. 'मॅन', 'राइट्स', 'व्हर्च्यू' आणि 'रीझन' हे चार शब्द पुन्हा पुन्हा अडवतात. 'माणूस', 'हक्क', 'शील' आणि 'बुद्धी' असे सरळ प्रतिशब्द दिले तर युक्तिवाद निसटतो असे वाटते. शिवाय या लेखकांना 'स्त्रीवादी' म्हणावे का?

शब्दपारखी : सर्वांत अवघड 'मॅन' आहे, कारण सगळा वाद त्याच शब्दावर उभा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतला मनुष्याच्या हक्कांचा जाहीरनामा २६ ऑगस्ट १७८९चा. त्याच्या पहिल्या कलमात 'ओम' (homme) या फ्रेंच शब्दाचे अनेकवचन आहे, आणि 'ओम' म्हणजे मनुष्यही आणि पुरुषही. त्याचे भाषांतर 'माणसे जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात' असे केले की घोटाळा होतो. 'माणसे' नपुंसकलिंगी आहे, त्यात बायका आपोआप येतात. मग सप्टेंबर १७९१मध्ये फ्रेंच लेखिका ओलँप द गूज हिने आपल्या स्त्रीहक्कांच्या जाहीरनाम्यात 'स्त्री स्वतंत्र जन्मते आणि हक्कांत पुरुषाच्या बरोबरीची राहते' असे वेगळे कलम का लिहिले, हे मराठी वाचकाला कळणारच नाही. उलट 'पुरुष जन्मतः स्वतंत्र असतात' असे लिहिले तर मूळ जाहीरनाम्याचा सर्वांसाठी असल्याचा दावाच नाहीसा होतो.

येथे 'मनुष्य' घ्या. हा शब्द अर्थाने सर्वांचा, पण व्याकरणाने पुल्लिंगी: 'मनुष्य जन्मतो', 'मनुष्य म्हणाला'. 'ओम'मधली फट त्यात तशीच राहते. 'माणूस' मात्र दोन्हीकडे झुकतो. 'तो माणूस आला' यात पुरुष दिसतो, पण 'बाईमाणूस' हा शब्दही आपल्याकडे आहे. म्हणून या एका कामासाठी तो टाळावा.

द गूजची १७ कलमे १७८९च्या १७ कलमांसमोर ठेवूनच वाचायला हवीत. काही ठिकाणी ती फक्त शब्द बदलते, काही ठिकाणी आशयच. ११वे कलम मूळात विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याचे आहे. तिने तेथे कारण जोडले: हे स्वातंत्र्य असेल तरच आई मुलाच्या बापाचे नाव उघड सांगू शकेल. १०व्या कलमात ती म्हणते की स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा अधिकार आहे, तसाच व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

तिच्या शीर्षकातला 'सितोयेन' हा 'नागरिक'चा स्त्रीलिंगी शब्द आहे. 'नागरिका' मराठीत रुळलेला नाही, म्हणून 'स्त्री-नागरिक' लिहावे. नुसते 'नागरिक' लिहिले तर तिने मुद्दाम घातलेला शब्द पुसला जातो.

कलमबहाद्दर : हा वाद पुढे थेट कायद्यात आला. २० मे १८६७ रोजी तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत मताधिकाराच्या विधेयकातला 'मॅन' काढून 'पर्सन' (व्यक्ती) घालावा अशी दुरुस्ती मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली आणि कायद्यात 'मॅन' राहिला. पण १८५०च्या एका कायद्याने ठरवले होते की, उलट उल्लेख नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात. त्याच्या आधारे मँचेस्टरच्या ५,३४६ स्त्रियांनी मतदारयादीत नाव मागितले. १८६८च्या चॉर्लटन विरुद्ध लिंग्ज खटल्यात त्या हरल्या. न्यायालयाचे म्हणणे असे की, स्त्रियांची अपात्रता परंपरेने कायद्यात रुजलेली आहे आणि एका सामान्य शब्दाने ती निघून जात नाही.

'पर्सन' तरी सुरक्षित होता का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८मध्ये ठरवले की सिनेटसाठी 'पात्र व्यक्तीं'मध्ये स्त्रिया येत नाहीत. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. भारतात १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे १३वे कलम 'पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंग अंतर्भूत' असे सांगते. त्यामुळे टिपणात 'मॅन'ला कोठेही 'व्यक्ती' करू नका. मिलने जो बदल मागितला, तो भाषांतरात आधीच होऊन बसेल.

पोथीवाचक : 'राइट्स'बद्दल. 'अधिकार' हा मूळचा मीमांसेचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राचा शब्द, अर्थ 'कर्म करण्याची पात्रता'. जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात हाच प्रश्न आला आहे. 'स्वर्गकामो यजेत' (स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा) यातले पद पुल्लिंगी, मग यज्ञाचा अधिकार फक्त पुरुषाला का? ऐतिशायन हा आचार्य 'होय' म्हणतो. बादरायण या दुसऱ्या आचार्याचे मत असे की शब्द जातिवाचक आहे, लिंग येथे विवक्षित नाही, म्हणून स्त्रीही येते. सिद्धान्त याच बाजूने लागतो. मात्र पुढे तिला पतीबरोबरच यज्ञ करायचा आणि सांगितले तेवढेच करायचे असे ठरते, आणि त्याच पादात शूद्राला अधिकार नाकारला जातो. व्याकरणाने उघडलेले दार पुढच्या सूत्रांनी अर्धे लोटले. युरोपातल्या वादाशी याचा वंशसंबंध नाही, पण 'अधिकार' लिहिताना 'आधी पात्रता सिद्ध करा' ही छटा सोबत येते, हे लक्षात असावे.

'हक्क' अरबीतून आलेला. त्याच्या मुळाशी 'सत्य' आणि 'वाजवी वाटा' हे अर्थ आहेत. तो मागून मिळत नाही, आपला असतोच. जन्मसिद्ध हक्कांच्या सिद्धान्ताला तोच जवळचा. माझा नियम असा: जन्मजात ते 'हक्क', पदाने किंवा कायद्याने मिळालेले ते 'अधिकार'. एकाच लेखात दोन्ही आलटून पालटून वापरू नका.

माजघर : यात जोतीराव फुले यांची आठवण हवीच, कारण दुवा खरा आहे. त्यांच्यावर राजकीय लेखक थॉमस पेनच्या हक्कविषयक ग्रंथाचा मोठा प्रभाव होता. पेन आणि इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट दोघेही फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कच्या १७९०च्या पुस्तकाला उत्तर देत होते. पण फुल्यांनी 'मनुष्य' या एका शब्दावर भिस्त ठेवली नाही. १८९१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात 'एकंदर सर्व स्त्रीपुरुष' असा प्रयोग पुन्हा पुन्हा येतो. तो बोजड वाटतो, पण कोणाला वगळण्याची जागाच ठेवत नाही.

शब्दपारखी : सहमत. १८८२च्या ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाचे शीर्षकही तेच करते.

तळटीप : आणि 'व्हर्च्यू', 'रीझन'?

पोथीवाचक : 'शील' अजिबात नको. वुलस्टनक्राफ्टचा स्त्रीच्या हक्कांवरचा १७९२चा ग्रंथ ज्या कल्पनेवर तुटून पडतो, तीच या शब्दात भरलेली आहे. बाईचे 'शील' म्हटले की मराठी कानाला फक्त लैंगिक शुद्धता ऐकू येते. तिचे म्हणणे असे की सद्गुण स्त्रीपुरुषांना एकच, आणि बाईचा चांगुलपणा लौकिक व शुद्धता एवढ्यावरच मोजल्याने नीतीच पोखरली जाते. आठवे प्रकरण यासाठीच आहे. 'सद्गुण' लिहा. मूळ लॅटिन शब्द 'विर' म्हणजे पुरुष यावरून आला. त्या शब्दावर ती स्त्रीचाही दावा सांगते, हे टीपेत द्या.

'रीझन'ला 'बुद्धी' अपुरी. बुद्धी कमी-जास्त असते, आणि मग 'बायकांना बुद्धी कमी' हा जुना वाद पुन्हा दारात येतो. 'विवेक' घ्या, म्हणजे बरेवाईट पारखण्याची शक्ती. पहिल्याच प्रकरणात ती सांगते की मनुष्य पशूहून वरचढ ठरतो तो याच शक्तीने. तिच्या मते ही शक्ती ईश्वराने अमर आत्म्याला दिली आहे, म्हणून ती स्त्रीला नाकारणे हा धर्माचाही द्रोह. हा धार्मिक पाया भाषांतरात गाळला जातो आणि उरलेला युक्तिवाद कोरडा दिसतो. त्याआधी १६७३मध्ये फ्रेंच लेखक पूलाँ द ला बार याने तत्त्वज्ञ देकार्तच्या विचारातून निष्कर्ष काढला होता की मनाला लिंग नसते. मन आणि शरीर वेगळी मानली तर शरीरातल्या फरकावरून विवेकातला फरक सिद्ध होत नाही.

कलमबहाद्दर : विवेक शिक्षणाने वाढतो, म्हणून वुलस्टनक्राफ्टचे बारावे प्रकरण जरूर घ्या, तेथे तत्त्वज्ञान वेळापत्रकात उतरते. ५ ते ९ वर्षांच्या सर्व थरांतल्या मुलामुलींसाठी मोफत दिवसशाळा, भोवती मोकळे मैदान, आणि बैठे काम सलग एका तासाहून अधिक नाही. ९ वर्षांनंतर घरकाम किंवा कारागिरी करणाऱ्यांना वेगळ्या शाळा. तेथे सकाळी मुलगे-मुली एकत्र, दुपारी मुली शिवणकामाला. ग्रंथ अर्पण केला आहे फ्रेंच मुत्सद्दी तालेराँ यांना, ज्यांच्या १७९१च्या फ्रेंच शिक्षण-अहवालात मुलींची सार्वजनिक शाळा आठव्या वर्षी संपत होती. वर्गभेद आणि दुपारचे शिवण या तिच्याही मर्यादा आहेत. त्या झाकू नयेत.

माजघर : 'स्त्रीवादी' शीर्षकात चालेल, मजकुरात टाळा. फ्रेंचमध्ये १८७१मध्ये त्यामागचा 'फेमिनिझम' हा शब्द वैद्यकात, क्षयाच्या पुरुष रुग्णांतल्या बायकी लक्षणांसाठी, वापरलेला दिसतो. १८८२मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या युबेर्तीन ओक्लेर हिने तो चळवळीसाठी वापरला, आणि इंग्रजीत तो १८९०च्या दशकात रुळला. १७९२च्या लेखिकेला 'स्त्रीहक्कांची पुरस्कर्ती' म्हणणे अचूक.

तळटीप : एक राहिले. वुलस्टनक्राफ्टच्या शीर्षकातल्या 'व्हिंडिकेशन'ला 'कैवार' कसा वाटतो?

पोथीवाचक : ऐकायला गोड, पण चुकीचा. कैवार बलवान माणूस दुबळ्याचा घेतो. येथे एक स्त्री दया न मागता, आक्षेप खोडून दावा सिद्ध करते आहे. शास्त्रात याला खंडनाच्या जोडीचे 'मंडन' म्हणतात, पण आज ते कळणार नाही. 'समर्थन' ठेवा. आणि तिची दोन शीर्षके जशी आहेत तशी द्या: १७९०चे 'मनुष्यांच्या हक्कांचे समर्थन' अनेकवचनी, १७९२चे 'स्त्रीच्या हक्कांचे समर्थन' एकवचनी.