मदत हवी आहे: सीएमईत दीड तास नीतिशास्त्राला, काय ठेवावं आणि पॉइंट कसे मिळतील?

बालाघाटी
नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेला दसऱ्याच्या आत एक सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचा शिक्षण कार्यक्रम, घ्यायची आहे. त्यातला दीड तास वैद्यकीय नीतिशास्त्राला द्यायचं ठरलंय. चाळीसेक जण येतील. त्यात स्त्रीरोग, सर्जरी, भूल, जनरल प्रॅक्टिस असे सगळे आहेत, शिवाय सात-आठ बीएएमएस. बऱ्याच जणांचं नोंदणी नूतनीकरण जवळ आलंय, म्हणून पॉइंट हवेतच. पण सही करून जेवून जायचा कार्यक्रम नको आहे. वैद्यक परिषदेच्या मान्यतेत कुठे अडतं? विषय कोणता धरावा? आणि एक औषध कंपनी हॉल-जेवणाचा खर्च द्यायला तयार आहे, घ्यावा का?

गोदाकाठ
आधी पॉइंटचं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा हिशेब पाच वर्षांत ३० पॉइंट असा आहे. मुळात २००२ च्या आचारसंहिता नियमावलीतच पाच वर्षांत किमान ३० तास म्हटलंय. मान्यता कार्यक्रमाच्या आधी घ्यावी लागते, झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. अर्जात वक्त्यांची नावं, पात्रता आणि मिनिटवार वेळापत्रक द्या. मंजुरीनंतर वक्ता किंवा वेळ बदलली तर लगेच कळवा. पत्रात जेवढे पॉइंट मंजूर झालेत तेवढेच निमंत्रणावर छापा, तासांवरून अंदाजाने छापू नका.

खरा घोळ हजेरीपटावर होतो. नाव इंग्रजीत आणि नोंदणी प्रमाणपत्रावर आहे अगदी तसंच लिहून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडमच्या बाबतीत हे हमखास चुकतं. नोंदणी क्रमांक तोंडी विचारू नका, प्रमाणपत्राची प्रत पाहून उतरवा. एक आकडा चुकला तर पॉइंट दुसऱ्याच्याच नावावर जायची भीती. बीएएमएस मंडळींना जरूर बसवा, पण या पॉइंटचा त्यांना उपयोग नाही, त्यांची परिषद वेगळी. हे निमंत्रणातच लिहा, म्हणजे दारात वाद होणार नाही.

स्त्रीरोग_नांदेड
विषयाबद्दल माझं मत ठाम आहे: पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याच्या शस्त्रक्रियेची (हिस्टेरेक्टॉमीची) संमती. बीड जिल्ह्यात नीतिशास्त्रावर बोलायचं आणि ऊसतोड बायकांच्या हिस्टेरेक्टॉमीवर बोलायचं नाही, हे मला पटणार नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारला यासाठी समिती नेमावी लागली होती.

सुरुवात समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याने करा. सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २००८. रुग्ण ४४ वर्षांची, अविवाहित. संमती होती तपासणीच्या लॅपरोस्कोपीची (दुर्बिणीने पोटात पाहण्याची), आणि लागलीच तर लॅपरोटॉमीची (पोट उघडण्याची). ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून आई तिच्या वतीने होकार देऊ शकत नाही. अपवाद एकच: जीव किंवा प्रकृती वाचवायला ते तेव्हाच करणं भाग असेल, थांबणं शक्य नसेल तर.

याच निकालात काय-काय सांगायचं तेही आलंय: शस्त्रक्रिया कशी आणि कशासाठी, फायदा काय, धोके कोणते, दुसरे उपाय आहेत का, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. आपल्याकडे नेमकं 'दुसरे उपाय' गाळलं जातं. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत जास्त जातं, म्हणून बाई येते. तिला जंतुसंसर्गावरची औषधं, पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची), सोनोग्राफी, हार्मोनच्या गोळ्या यातलं काय सांगितलं, ते केसपेपरवर दिसायला हवं. 'कॅन्सर होईल' हे वाक्य तपासणीशिवाय उच्चारलं तर ती संमती भीतीपोटी घेतलेली ठरते. बीजाशयही काढणार असाल तर तिशी-पस्तिशीत पाळी बंद होण्याचे आणि हाडं ठिसूळ होण्याचे परिणाम वेगळे सांगायला हवेत.

भूलतज्ज्ञ_लातूर
मॅडमशी पूर्ण सहमत. दीड तासातली वीस मिनिटं खटल्याला, वीस नियमांना, उरलेली सगळी सरावाला ठेवा. दोघांच्या जोड्या करा, एक डॉक्टर, एक रुग्ण. रुग्ण झालेल्याने खरीच अडचण मांडायची: मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलीय, कोयता, म्हणजे तोडीची जोडी, नवरा-बायकोचा मिळून धरतात, पाळीमुळे एक दिवस बसलं तरी खाडा पडतो, म्हणून 'एकदाचं काढून टाका'. तिची अडचण खरी असते, तिला हसून किंवा दटावून चालत नाही. डॉक्टर झालेल्याने पाचही गोष्टी बोलीभाषेत, दहा मिनिटांत सांगायच्या. शेवटी रुग्णाने 'मला काय समजलं' ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तिथेच बहुतेक जण अडतात, आणि तिथेच शिकतात.

वक्त्यांच्या स्लाइड आधी मागवून घ्या. अनेकांच्या स्लाइडवर अजून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ ची नियमावली असते. ती २ ऑगस्ट २०२३ ला आली आणि २३ ऑगस्टला स्थगित झाली. चालू आहे ती २००२ चीच.

गोदाकाठ
कंपनीच्या पैशाबद्दल: २००२ च्या नियमांत डिसेंबर २००९ मध्ये ६.८ हे कलम जोडलं गेलं. कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख घ्यायला डॉक्टरला मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीत 'डॉक्टरांच्या संघटना' हे शब्द त्यातून वगळले, म्हणून संघटनेला पैसे चालतात असं सांगितलं जातं. पण जेवणारा शेवटी डॉक्टरच आहे ना. नीतिशास्त्राच्या तासाला तरी वर्गणी काढा. चाळीस जणांचं साधं जेवण आणि हॉल तालुक्याला झेपतो.

बालाघाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गणीच काढू. एक शंका राहिली: हिस्टेरेक्टॉमीला नवऱ्याची सही घ्यायची की नाही? आणि बाई अंगठाबहाद्दर असेल तर?

स्त्रीरोग_नांदेड
त्याच २००२ च्या नियमावलीतल्या ७.१६ नुसार वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला नवरा-बायको दोघांची संमती लागते. म्हणजे नवऱ्याची सही तिच्या सहीच्या जोडीला, तिच्या ऐवजी नव्हे. एकट्या नवऱ्याच्या सहीवर टेबलावर घेतलेली केस उभी राहणार नाही. अंगठा असेल तर मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवा, 'वाचून दाखवला, समजला' ही ओळ लिहा, दवाखान्याबाहेरचा साक्षीदार घ्या, तारीख आणि वेळ टाका. हे सगळं भुलेचं पहिलं औषध देण्याआधी. छापील फॉर्मवर शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी ठेवून आधीच अंगठे घेऊन ठेवायची सवय कुठे असेल, तर ती याच दीड तासात नाव न घेता पण स्पष्ट बोलून बंद करा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, त्यामुळे दसऱ्याच्या आतली तारीख अगदी योग्य आहे.