ताईला पोलीस केस नकोय, पण मार थांबायला हवा. काही मार्ग आहे का?

धाकटी_बहीण:
ताईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, दाजी दारू पिऊन मारतात, गेल्या आठवड्यात हात पिरगळला तो अजून सुजलेला आहे. तक्रार कर म्हटलं तर म्हणते ते आत गेले की नोकरी जाणार, मग पोरांची फी कोण भरणार आणि सासू मला घरात तरी ठेवेल का. तिला घटस्फोट पण नकोय. गावातले म्हणतात तंटामुक्ती समितीपुढे बसवू. बसवावं का?

तारीख_पे_तारीख:
आधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बघा. ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे बीएनएसचं, कलम ८५), म्हणजे सासरच्या छळाची पोलीस केस, ते वेगळं, हे वेगळं. इथे नुसता अर्ज केला म्हणून कोणी आत जात नाही. संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, ते घटनेचा अहवाल भरून मॅजिस्ट्रेटकडे देतात. मारहाण करायची नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे असे आदेश मिळू शकतात. घर सासूच्या नावावर असलं तरी राहायचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने २०२० च्या आहुजा केसमध्ये ते स्पष्ट केलंय. संरक्षण आदेश मोडला तरच गुन्हा, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा म्हणतो ६० दिवसांत निकाली काढा, पण तारखा पडत राहतात म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागा. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बायकांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

माहेर_सातारा:
समितीपुढे नका बसवू हो. माझ्या आत्तेबहिणीला बसवलं होतं, समोर सगळी गावातली माणसं, नवरा रडला, पाया पडला, सगळे म्हणाले भांड्याला भांडं लागतंच आणि तिच्याकडूनच लिहून घेतलं की उलट बोलणार नाही. तिला एकटीला बाजूला घेऊन कोणी एका शब्दाने विचारलं नाही. महिन्याभरात परत मार, आणि आता बोलायची पण चोरी कारण "मिटलंय ना तुमचं".

समाजकार्य_२२वर्षं:
वरच्या ताईंशी सहमत. मिटवणं आणि मार थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिला व मुलांसाठी विशेष कक्ष बघा, १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी सुरू केला, आता जिल्ह्यांतही आहेत. बसतात पोलिसांच्या आवारात पण बोलतात समाजसेविका, आणि आधी बाईशी एकटीशी, मग तिची तयारी असेल तर नवऱ्याला बोलावतात. कायद्याखालच्या समुपदेशनातसुद्धा नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करता येत नाही, तसं नियमातच आहे. दारू सोडवायला जरूर न्या, पण त्यावर सगळं सोपवू नका, प्यायल्यावर साहेबावर हात उचलतात का ते? हाताचा एक्सरे उद्याच सरकारी दवाखान्यात काढा आणि कशाने लागलं ते खरं सांगा, "पडले" सांगू नका. गळा दाबला किंवा जिवे मारायची धमकी दिली तर मात्र थांबायचं नाही, सरळ ११२.

धाकटी_बहीण:
खूप आभार सगळ्यांचे. ताईला आत्ताच वाचून दाखवलं. समितीला नाही कळवलं. एक्सरेला उद्या सकाळी जातोय, सासूला सांगितलंय की आईला बरं नाही.