अम्युझमेंट पार्कवाले, या इकडे! (राइड्स, खाणं, सणाची गर्दी आणि बंद पडलेल्या जागा)

धागाकर्ती:
बरेच दिवस हा धागा काढायचा होता. आपल्यात कितीतरी लोक आहेत ज्यांना पैसे देऊन स्वतःला उलटं टांगून घ्यायला आवडतं, पण विषय निघाला की सगळे "कितीला पडलं, गर्दी होती का" इथंच थांबतात. तर इथे जरा ऐसपैस लिहा. इमॅजिका, वॉटर किंगडम, परदेशातलं एखादं, नाहीतर गावच्या जत्रेतला आकाशपाळणा, काहीही चालेल. राइड, खाणं, सणासुदीला काय वेगळं असतं आणि मुख्य म्हणजे काय बदललं ते येऊ द्या. एकच विनंती, तक्रार असेल तर जागेचं नाव न घेता लिहा, मागच्या हॉटेलांच्या धाग्यावर जे झालं ते पुन्हा नको.

बोरिवलीकर:
मग एस्सेलवर्ल्डपासूनच सुरू करतो, कोणीतरी करणारच होतं. 1989 ला सुरू झालं, शेजारचं वॉटर किंगडम 1998 ला आलं. आता वॉटर किंगडम चालू आहे, एस्सेलवर्ल्ड 2022 पासून बंद. ज्यांचं लहानपण पश्चिम रेल्वेवर गेलं त्यांना ठाऊक आहे की खरी राइड गोराईच्या जेट्टीवरच सुरू व्हायची. बोरिवलीहून बस नाहीतर रिक्षा, मग लाँच, खाडीचा तो चिखलाचा वास, दोन्ही बाजूला तिवरं, आणि झाडांच्या वरती एखाद्या राइडचं टोक दिसलं रे दिसलं की अख्खी शाळा लाँचच्या एकाच बाजूला आणि बाई ओरडतायत "अरे मागे व्हा, मागे व्हा". भाईंदरवरून उत्तनमार्गे रस्ता होताच पण तिकडून जाणारे म्हणजे गाडीवाले, आमच्यात ते बसत नव्हते. नंतर शेजारी पॅगोडाचा सोनेरी घुमट उभा राहिला, म्हणजे भिंतीच्या इकडे किंकाळ्या आणि तिकडे विपश्यना, हे फक्त मुंबईतच होऊ शकतं.

राइड म्हणाल तर झिपर डिपर. आजच्या हिशोबात ती पोरांची रोलर कोस्टर, पण त्या काळी शाळेत दुसऱ्या दिवशी "कितीदा बसलास" यावर तुमची पत ठरायची. आणि आइस स्केटिंगची रिंक! बाहेर मे महिना, आत बर्फ, भाड्याचे ओलसर बूट आणि कठड्याला पालीसारखी चिकटलेली पंचवीस मुलं.

आता खरं मत. बंद झालं याचं वाईट वाटतं, पण शेवटच्या वर्षांत आपल्यातले किती जण गेले होते? मी तरी नाही. जुन्या राइड, तीच लाँच, आणि तोपर्यंत पोरांनी इमॅजिका बघितलेलं. आता सोशल मीडियावर रडणाऱ्यांनी तेव्हा तिकीट काढलं असतं तर बरं झालं असतं असं माझं आपलं म्हणणं.

मालाडवाली:
गोराई काय गोराई काय, आम्ही मार्वेवरून जायचो. बाकी सगळ्याला +१. शेवटच्या परिच्छेदाला +१००.

पनवेलची:
इमॅजिकावर मी लिहिते, आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा तिथे न्यावाच लागतो. खोपोली-पाली रस्त्यावर आहे, 2013 ला सुरू झालं, मनमोहन शेट्टींच्या अ‍ॅडलॅब्सचं होतं, 2022 पासून मालपाणी ग्रुपकडे आहे (लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वेट अँड जॉय वॉटरपार्क ज्यांचं तेच).

तिथल्या नायट्रो कोस्टरबद्दल सगळे बोलतात म्हणून मला आधी वाटायचं उगाच हवा केलीये. उंची 132 फूट, वेग ताशी 105 किलोमीटरच्या आसपास, पाच वेळा उलटं होतं, हे सगळं पाटीवर वाचून काही वाटत नाही. वाटतं ते स्टेशनात. तुम्ही बसता, खांद्यावरचा दांडा खाली येतो, तो पोरगा येऊन दोनदा ओढून बघतो, आणि मग पायाखालची जमीनच खाली सरकते. खरोखर. फ्लोअरलेस कोस्टर आहे त्यामुळे डब्याला तळच नाही, पाय लोंबकळत राहतात, चपला आधीच काढून ठेवायला सांगितलेल्या असतात आणि तुम्ही आपल्या अनवाणी पायांकडे बघत बसता. माझी जाऊ इतका वेळ गप्पा मारत होती ती तिथे जी थांबली ती थेट परत येईपर्यंत. पावसाळ्यात गेलात तर वर चढताना सगळे हिरवे डोंगर दिसतात, पण भुरभुर असली तर खाली येताना थेंब तोंडावर टाचण्यांसारखे टोचतात. विजा चमकायला लागल्या की बाहेरच्या राइड बंद, हे धरून चाला आणि आतल्या अंधाऱ्या राइड त्या वेळेसाठी राखून ठेवा. डीप स्पेस आतच आहे, पूर्ण काळोखात कोस्टर, पुढचं वळण कळतच नाही. मला ती नायट्रोपेक्षा जास्त आवडते पण हे घरात कोणाला पटत नाही.

सासूबाईंना राजासॉरसची बोटराइड आवडली. तो डायनासोर खरा आपला आहे बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातेत त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला नाव दिलं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे, पण पाणी किती उडवलं मेल्याने."

ठाणेकर:
टिकुजिनीवाडीला कोणीच विचारत नाही का? मानपाड्याला डोंगराच्या पायथ्याशी आहे, आम्हा ठाणेकरांच्या तीन पिढ्या तिथे भिजल्यात. बास एवढंच नोंदवायला आलो होतो.

नाव नको म्हणणारी मावशी:
विनंती पाळून लिहिते, जागा सांगणार नाही. एका वॉटरपार्कात दारावर बॅग उघडून तपासली, दशम्या आणि लसणाची चटणी बाहेर काढून ठेवली. बाहेरचं खाणं चालत नाही हे मान्य, तिकिटावर छापलेलं असतं. पण आत गेल्यावर जेवायच्या वेळी पावभाजीला पाऊण तास रांग आणि हातात आलं ते लाल कोमट पाणी, वर बटरचा तुकडा न वितळता तसाच बसलेला. बटर वितळत नाही इतकी गार भाजी! त्यातून साखरेचा पेशंट बरोबर असेल तर काय करायचं? (नंतर कळलं की लहान बाळाचं खाणं आणि औषधपाण्यासाठी लागणारं बहुतेक ठिकाणी सोडतात, आधी फोन करून विचारावं.)

कॉश्च्यूमचं मात्र मी भांडणार नाही. बायका फार कटकट करतात, सलवार कमीज का चालत नाही म्हणून. सुती कपड्याचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतात, शिवाय ओढणी, नाडी स्लाइडमध्ये अडकली तर काय होईल विचार करा. मी सरळ आपला नायलॉनचा, गुडघ्यापर्यंतचा शिवून घेतलाय, गुलाबी फुलांचा, आणि त्यात मी झोकात फिरते.

सोलापुरी:
तुमची पार्कं राहू द्या बाजूला, आमचा गड्डा बघा. सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या टायमाला, होम मैदानावर. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम हे सगळं एकीकडं आणि दुसरीकडं पाळणे. आधी देवाला जायाचं मग पाळण्यात, हा क्रम मोडला तर आज्जी घरी आल्यावर बघून घ्यायची.

आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन, आणि मौत का कुआँ. त्या विहिरीच्या कडेला वर उभं राहिलं की खाली मोटारसायकल सुरू होते, एक चक्कर, दोन चक्कर, मग फळ्यांवर चढते आणि अख्खी विहीर थरथर करायला लागते, ती थरथर तुमच्या पायातनं पोटात येते. तो गडी हात सोडून, सीटवर आडवा बसून वर येतो आणि तुमच्या हातातली दहाची नोट घेऊन जातो. कसला सीटबेल्ट आणि कसलं काय. आता वय झालं तसं ते बघवत नाही, त्या माणसाची भीती वाटते. तरी जातो, हेही खरंच.

बारकी होतो तेव्हा लाकडाचा चार खोक्यांचा पाळणा पण असायचा, दोन माणसं हातानं ढकलायची. पैशाप्रमाणं फेऱ्या. पाळणेवाला ओळखीचा असला तर दोन जास्त. खाणं म्हणाल तर दिल्लीचा पापड, पोराच्या तोंडाएवढा नव्हे, पोराएवढाच, त्याच्यावर तिखट भुरभुरून, आणि गरम भजी. सहा फुटांवर जनरेटरचा धूर, म्हणून त्या भज्यांची चव घरी येत नाही, असं आमच्या वडिलांचं संशोधन.

पुणेकर (सदाशिव पेठ नाही, आधीच सांगतो):
फुलराणी, पोरांची झुकझुकगाडी. पेशवे पार्क, 1956. पार्कातले प्राणी कात्रजला गेले पण तिची आठवण कोणी हलवू शकत नाही. आणि निगडीचं अप्पूघर, दुर्गा टेकडीच्या शेजारी. दिल्लीतलं अप्पूघर 2008 मध्ये बंद झालं, आमचं निगडीचं त्यानंतरही चालू राहिलं. पुण्यात गोष्टी टिकतात.

न्यू जर्सीवाला:
ज्यांना वाटतं की फक्त आपल्याकडेच पार्कं बंद पडतात त्यांच्यासाठी. आमच्या घरापासून तासाभरावर जॅक्सनला सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर आहे. तिथे किंगडा का होती, 456 फूट, 2005 साली सुरू झाली तेव्हापासून जगातली सगळ्यात उंच कोस्टर. साखळीने हळूहळू वर वगैरे भानगड नाही, हायड्रॉलिक लाँच, साडेतीन सेकंदात ताशी 128 मैल, म्हणजे 200 किलोमीटरच्या वर. सरळ वर, टोकावरून सरळ खाली, खेळ खल्लास, मिनिटभर पण नाही. त्यासाठी दीड दीड तास रांगेत आपण उन्हात उभे, बायको सावलीत आइस्क्रीम खातेय. त्यात कधी कधी गाडीला टोक ओलांडण्याइतका जोर मिळायचा नाही आणि ती तशीच मागे घरंगळत यायची, खालचे मॅग्नेटचे ब्रेक तिला धरायचे. त्याला रोलबॅक म्हणतात, आणि आमच्यासारखे वेडे रांगेत देव पाण्यात घालून बसायचे की आपल्या पाळीला रोलबॅक होऊ दे.

नोव्हेंबर 2024 मध्ये कायमची बंद करतोय म्हणून सांगितलं, आणि 28 फेब्रुवारी 2025 ला सुरुंग लावून पाडली. शेवटची राइड म्हणून काही करूच दिलं नाही, निरोप नाही काही नाही, सीझन संपला आणि मग बातमी. याचा राग अजून आहे.

इमॅजिकाच्या नायट्रोवरून आठवलं, आमच्याकडे पण एक नायट्रो आहे, 2001 ची, 230 फुटी. स्वभाव अगदी वेगळा, ही उलटं करत नाही, टेकड्यांवरून उडवत नेते, सीटवरून तुमचं बूड उचललं जातं. दोन्ही एकाच स्विस कंपनीने बनवलेल्या, बोलिगर आणि मॅबिलार्ड.

सणाचं विचारलंय तर ऑक्टोबरातला फ्राइट फेस्ट. संध्याकाळ झाली की धूर सोडतात आणि तोंड रंगवलेली माणसं अंगावर येतात. आईबाबा आले होते तेव्हा नेलं. एक जण करवत घेऊन बाबांच्या मागे लागला, बाबा थांबले, वळले, आणि त्याला शांतपणे विचारलं, "यू स्टुडंट?" तो बिचारा हो म्हणाला. मग कुठल्या कॉलेजात, काय शिकतोस, पैसे किती देतात. भूत पाच मिनिटं उभं राहून उत्तरं देत होतं.

धागाकर्ती:
@न्यू जर्सीवाला, बाबांना दंडवत सांगा.

मेंटेनन्सवाला:
वाचनमात्र असतो पण आज लिहितो. काही वर्षं एका पार्कात राइड मेंटेनन्सला होतो, कुठलं ते विचारू नका. लोकांना वाटतं बटण दाबलं की सुरू. पार्क उघडायच्या आधी आम्ही ट्रॅकच्या कडेने चालत जायचो, टॉर्च घेऊन, नट-बोल्टवर मारलेल्या रंगाच्या रेघा बघत. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. मग चाकं, ब्रेक, प्रत्येक सीटचं लॉक, आणि मग रिकामी गाडी सोडायची. सकाळच्या गारव्यात ग्रीस घट्ट असतं त्यामुळे पहिली फेरी सावकाश येते, दुपारी तीच गाडी जोरात पळते. म्हणून ज्यांना वेग हवा त्यांनी दुपारनंतर बसा, आणि शेवटच्या डब्यात बसा, उतारावर मागचा डबा ओढला जातो.

चढणीवरची ती खटखट ऐकून लोक घाबरतात. ती खटखट म्हणजेच सुरक्षा, साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून खाली दाते असतात, त्यावरून खिट्टी सरकते त्याचा आवाज. आणि गाडी मध्येच वर थांबली की लगेच मोबाईलवर "राइड बिघडली". बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, एका भागात एकच गाडी. पुढचीने जागा सोडली नाही, खाली कोणी बॅग काढायला वेळ लावला, की मागची आपोआप थांबते. थांबली याचा अर्थ काम करतेय.

समुद्राजवळच्या पार्कात खरा शत्रू खारी हवा. रंग मारून वर्ष होत नाही तोवर गंज. बंद पडलेल्या पार्काबद्दल वर लिहिलंय त्यांनी हाही खर्च धरावा.

बोरिवलीकर:
@मेंटेनन्सवाला हे माहीत नव्हतं, खाऱ्या हवेचं. पटलं.

वसईकर:
होळीचं कोणी लिहिलं नाही. वॉटरपार्कात होळी म्हणजे डीजे, रेन डान्स, आणि रंग त्यांनी दिलेलाच वापरायचा. मजा येते, पण लहान मुलं घेऊन त्या दिवशी जाऊ नका, गर्दीचा दर्जा वेगळा असतो. आमच्याकडे त्यापेक्षा सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, आठवडाभर, मेणबत्त्या वाहायच्या, मग चणे-खारे शेंगदाणे, गोडाचं खायचं. हल्ली लोक तिथे पण ट्रॅफिकलाच शिव्या घालत येतात म्हणा.

नवीन सभासद:
सगळं वाचलं, भारी. दिवाळीच्या सुट्टीत इमॅजिका करावं का? मुलगा सात वर्षांचा आहे, नायट्रोचा हट्ट धरून बसलाय.

पनवेलची:
भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार अजिबात नको, शाळा सुरू झाल्यावर मंगळवार-बुधवार गाठा. मुलाची उंची घरी दाराला लावून मोजा, बूट काढून, कारण तिथे पट्टीखाली उभं करतात आणि उंची भरली नाही तर कितीही रडला तरी सोडत नाहीत. गेटातून आत शिरल्यावर सगळे पहिल्या राइडलाच घुसतात, तुम्ही सरळ मागच्या टोकाला चालत जा. संध्याकाळची परेड बघायची असेल तर परतीची गाडी उशिराची ठरवा. आणि एक जास्तीचा टॉवेल.